मुरुमच्या डाळमिलचा सर्व्हर

माझे मिस्टर मुरुमच्या एका डाळमिलमध्ये गेले. गेले म्हणजे वारले. कामासाठी म्हणून सकाळी घरातून निघाले आणि तिथंच, मिलच्या मागच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या संपले.

आमचं धाराशिवला कॉम्प्युटरचं दुकान आहे. म्हणायला दुकान, विक्री थोडीच. खरं काम छोट्या धंद्यांचे सर्व्हर सांभाळायचं. सर्व्हर म्हणजे काय, हे मला अजूनही कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागतं. खताच्या दुकानात, मिलमध्ये, पतसंस्थेत चार-सहा कॉम्प्युटर असतात. त्या सगळ्यांची माहिती ज्या एका मशीनवर राहते, तो सर्व्हर. तो कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो. जिन्याखाली, देव्हाऱ्याशेजारी, बारदान्याच्या ढिगाजवळ कुठंतरी घरघरत असतो, आणि चालू आहे तोवर त्याची कुणाला आठवण येत नाही. हे गावोगाव जाऊन मशीन बघायचे. मी दुकानात बसून इंटरनेटवरून त्याच मशीनमध्ये शिरायचे आणि आतलं बघायचे. लग्नानंतर लवकरच आमची अशी वाटणी झाली होती, आणि ती दोघांनाही मानवली होती.

मुरुमच्या मिलचा सर्व्हर यांनीच बसवलेला. फार जुना झाला होता. त्यात दोन हार्ड डिस्क होत्या, एक गेली तर दुसरीनं तारावं म्हणून. त्यातली एक आधीच गेली होती. त्यातल्या सिस्टीमला कंपनीकडून दुरुस्त्या येणं कधीच बंद झालं होतं. मशीन तापायचं, वीज खायचं, लाईट गेली की यूपीएसचा जीव लगेच जायचा. मिलचे मालक वयस्कर आहेत, सगळं मुरुम त्यांना चाचा म्हणतं, आम्हीही म्हणायचो. हे दर खेपेला त्यांना सांगायचे, चाचा, हे बदला. चाचा म्हणायचे, "चालतंय की अजून. चालत्या बैलाला कशाला हाकलता?" शेवटी तुरीच्या हंगामाच्या तोंडावर एकदा वजनकाट्याच्या पावत्याच निघेनात, बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, तेव्हा कुठं चाचा तयार झाले.

त्या दिवशी हे नवं मशीन घेऊन गेले. ते जोडलं, माझ्याशी फोनवर बोलले, म्हणाले, "जुन्यावरनं नव्यावर कॉपी लावतो. तू तिकडनं लक्ष ठेव." मी दुकानातून त्या नव्या मशीनमध्ये शिरलेली होते. माझ्या पडद्यावर मुरुमचा पडदा दिसत होता, आणि त्यावर यांच्या हातातला माऊसचा बाण फिरताना दिसत होता. बाण एका फोल्डरवर गेला, कॉपी सुरू झाली. हिरवी पट्टी हळूहळू भरायला लागली. बाण थोडा वेळ इकडंतिकडं फिरला, मग पट्टीच्या खाली येऊन थांबला.

मला वाटलं, चहाला गेले. एक गिऱ्हाईक प्रिंटर घेऊन आलं होतं, त्याच्याकडं वळले. परत पाहिलं तर पट्टी बरीच भरली होती आणि बाण तिथंच होता. मग चाचांचा फोन आला.

त्यानंतरचं मी पुष्कळदा सांगितलंय, म्हणून ते मला माझं वाटत नाही. उमरग्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरांनी आधीच गेल्याचं सांगितलं. लातूरला शिकणारी मुलगी आली. यांचं गाव तेर, तिथं नदीकाठी सगळं केलं. मी रडले नाही. रडायचं नाही असं मी काही ठरवलं नव्हतं. रडूच येईना. बाया गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. एक चुलत जाऊ मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दगड हाय बाई. टिपूस न्हाई डोळ्यात." मला राग आला नाही. मला वाटलं, बरोबर सांगतेय.

त्या दिवसांत फोन मात्र मी घेत होते. माणसांना बातमी कळलेली असायची, तरी सर्व्हर अडला की त्यांना करायचं काय? ते आधी दोन शब्द दुःखाचे बोलायचे, मग अवघडून थांबायचे. मी विचारायचे, "काय अडलंय?" आणि सांगायचे, अमकी वायर काढून लावा, मागं हिरवा दिवा लागतो का बघा. एकदा तेरच्या घरात बाया बसलेल्या असताना मी फोनवर कळंबच्या एका दुकानदाराला बॅकअप कसा घ्यायचा ते सांगत होते. फोन ठेवला तेव्हा सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "झालं का त्याचं?" मी म्हणाले, "झालं." त्या म्हणाल्या, "मग बरं."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. तेराव्यानंतर त्या आमच्याबरोबर धाराशिवला आल्या आणि राहिल्या. मुलगी परत लातूरला गेली. आम्ही दोघी घरात. त्या कमी बोलतात. सकाळी लवकर उठून खिडकीपाशी बसतात. मी डबा करून दुकानात जायचे, संध्याकाळी यायचे, जेवायचो, निजायचो. कुणी विचारलं कशा आहात, तर दोघीही म्हणायचो, बरं आहे.

मग चाचांचा फोन आला. त्यांना बोलायचं जड जात होतं. "बेटी, तुला सांगू नये, पर सांगतो. ती खोली आम्ही कुलूप लावून ठेवली होती. जुनं मशीन आतच चालू हाय. आता ते आवाज करतंय. मुनीमजी म्हणतात, कट्‌कट्‌ वाजतंय."

हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली की ती फार दिवसांची सोबती नसते. उरलेली तीही गेली, तर मिलची सगळी खरेदी-विक्री, गोदामातला माल, शेतकऱ्यांच्या पावत्या, सगळं पुसलं जाणार. रोजचा बॅकअप होता, पण तो परत उघडतो का, हे यांच्यामागं कुणी पाहिलं नव्हतं. नवं मशीन शेजारीच नुसतं चालू होतं, अर्धवट.

"दुसरं कुणी बघू का? सोलापूरहून माणूस आणतो," चाचा म्हणाले. "तू येऊ नको. तुला तरास."

"मी येते," मी म्हणाले. त्रास होईल की नाही याचा मी विचार केला, आणि मला काहीच सापडलं नाही. काम होतं, ते मला येत होतं, एवढंच.

रात्री जेवताना आत्यांना सांगितलं, उद्या मुरुमला जाते. त्यांनी भाकरीचा घास तसाच धरून विचारलं, "त्याच मिलात?"

"हो."

"म्या बी येते."

"आत्या, तिथं दिवसभराचं काम आहे. तुम्ही बसून काय करणार?"

"बसते की. हितं बी बसलेलीच हाय."

सकाळच्या एसटीनं निघालो. तुळजापूर, नळदुर्ग, आत्या खिडकीशी, मांडीवर पिशवी. पिशवीत मी बाहेरची मोठी हार्ड डिस्क, केबली आणि धूळ काढायचा ब्लोअर घेतला होता. हायवेवरच्या फाट्यावर चाचांनी गाडी पाठवली होती. मिलच्या दारात ते स्वतः उभे होते. पांढरा सदरा, टोपी. मला पाहून त्यांनी मान हलवली. आत्यांना पाहून मात्र त्यांचा चेहरा बदलला. मी म्हणाले, "चाचा, या यांच्या आई." त्यांनी दोन्ही हात जोडले आणि तसेच धरून ठेवले.

आत्या म्हणाल्या, "कुठं बसला हुता त्यो?"

चाचा पुढं झाले. मिल चालू होती, तुरीची पिवळी भुकटी हवेत तरंगत होती. मागच्या खोलीचं कुलूप त्यांनी काढलं. आत टेबल, टेबलाखाली जुना सर्व्हर, तापलेला, त्याचा पंखा जोरजोरात फिरत होता, आणि मधूनच ती कटकट. शेजारी नवं मशीन, जुन्याच्या चौथाईएवढं, त्यावर धुळीचा थर. खुर्ची नव्हती.

"खुर्ची मी वर माळ्यावर ठेवायला लावली," चाचा म्हणाले. "बघवत न्हवतं."

"आणा ती," आत्या म्हणाल्या.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "आणा." मिलचे मुनीमजी ती स्वतः घेऊन आले. निळ्या गादीची, चाकांची साधी खुर्ची होती. मुनीमजींनी ती आपल्या उपरण्यानं पुसली. आत्या तिच्यात बसल्या. पाय जमिनीला टेकेनात, खुर्ची जराशी फिरली, मुनीमजींनी तिला मागून धरलं. आत्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि म्हणाल्या, "आता सांगा. काय झालं ते."

मी स्टुलावर बसून कामाला लागले, आणि ते मागं सांगत होते.

"दोन वाजायला आले हुते," चाचा म्हणाले. "मी म्हणलं, जेवून घ्या. ते म्हणले, कॉपी लावतो, मग जेवू. मग मुनीमजींना म्हणले, छातीत जळजळ होतेय, सोडा मिळंल का. मी म्हणलं, डॉक्टर बोलवू? न्हाई म्हणले. ॲसिडिटी हाय म्हणले."

"सोडा मी आणला," मुनीमजी म्हणाले. "येईपर्यंत डोळे मिटून बसले हुते. मला वाटलं, डुलकी लागली. मी सोडा टेबलावर ठेवला, आवाज न करता."

"काई बोलला का?" आत्यांनी विचारलं.

"न्हाई, आई."

"आरडला, वरडला?"

"न्हाई. चेहरा शांत हुता. खुदा गवाह आहे, आई, खोटं सांगत न्हाई," चाचा म्हणाले.

मी मागं वळून पाहिलं नाही. माझ्या पडद्यावर नवं मशीन उघडलं होतं. यांनी लावलेली कॉपी पूर्ण झालेली होती. हे गेल्यावरही ती चालूच राहिली होती आणि आपापली पूर्ण झाली होती. खाली तसा निरोप दिसत होता, ठीक आहे असं बटण दाबायचं राहिलं होतं. मी ते दाबलं.

ती कॉपी आता उपयोगाची नव्हती. मधल्या काळात मिल चालूच होती, जुन्या सर्व्हरवर रोज नवी खरेदी चढत होती. जुनी कॉपी ठेवली असती तर दोन्हींची सरमिसळ झाली असती. म्हणून मी ती सगळी निवडली आणि पुसून टाकली. खात्री आहे का, असं मशीननं विचारलं. मी हो म्हणाले. त्या क्षणी आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे मला कळत होतं. मी थोडी थांबलेही. काही आलं नाही. मग मी पुढचं काम घेतलं.

आधी जुन्या मशीनवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. मिलचे सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले, म्हणजे मध्येच कुणी काही चढवू नये. वजनकाट्यावरच्या पावत्या तेवढ्या वेळापुरत्या हातानं लिहायला सांगितल्या. डिस्क रडतकढत वाचली जात होती. एखाद्या फाइलवर अडायची, कटकटायची, मग पुढं जायची. दोन फाइली वाचल्या गेल्याच नाहीत. त्या जुन्या बॅकअपमध्ये मिळाल्या. तो बॅकअप यांनीच घालून दिलेला, रोज संध्याकाळी आपोआप होणारा. तो झाला का ते बघायला मुनीमजी कधी विसरत नव्हते.

मग ते सगळं नव्यावर. नव्या मशीनमध्ये मी दोन भाग केले, एकात हिशेबाचं, दुसऱ्यात वजनकाट्याचं, म्हणजे एक अडला तरी दुसरा अडू नये. आत्या खुर्चीतून वाकून बघत एकदम म्हणाल्या, "त्या एवढ्याशा डब्यात मावतं का समदं?"

"मावतं," मी म्हणाले. "एका घरात दोन बिऱ्हाडं असतात ना, तसं. चूल वेगळी, दार वेगळं, छप्पर एक."

"आन्‌ ते मोठं?"

"ते म्हातारं झालं. वीज लई खातं, तापतं, आणि कधी पडेल भरवसा नाही."

आत्यांनी जुन्या मशीनकडं पाहिलं. "पर एवढे दिस चाललं की."

"चाललं," मी म्हणाले.

दुपारी चाचांच्या घरून जेवण आलं. ताट झाकून आणणाऱ्या बाईनं मुद्दाम सांगितलं, "चाचीनं सांगितलंय, भांडी नवीन हायेत, सगळं शाकाहारी हाय, अंडंसुद्धा न्हाई." आत्या बाहेरचं खात नाहीत. आयुष्यात कधी लग्नाच्या पंगतीतही आचाऱ्याच्या हातचं त्यांनी खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताटावरचं फडकं काढलं. डाळ, भात, भाजलेल्या मिरच्या, दही. त्यांनी हात धुतले आणि खुर्चीतच, टेबल पुढं ओढून, जेवायला बसल्या. सगळं संपवलं. म्हणाल्या, "त्यो जेवायचा राहिला हुता." पुन्हा म्हणाल्या, "डाळ चांगली हाय." चाचा दारात उभे होते, ते तोंड फिरवून बाहेर गेले.

मीही जेवले. मला भूक लागली होती.

चार वाजण्याच्या सुमाराला मिलचे कॉम्प्युटर नव्या सर्व्हरला जोडले. मुनीमजींनी गोदामातला माल, गेल्या आठवड्याची खरेदी, एकेक काढून पाहिलं. जुळलं. वजनकाट्यावर एक ट्रॅक्टर उभा होता, त्याची पावती सर्रकन निघाली. मुनीमजी म्हणाले, "हे लई झटपट हाय की ओ, वहिनी. आधी चहा पिऊन यायचो तवर निघायची न्हाई." यूपीएसची भिंतीतली तार काढून पाहिली, नवं मशीन न हलता चालू राहिलं. कॉपी झाली म्हणून बॅकअप आहे असं समजायचं नाही, तो परत उघडूनही पाहायचा, ही यांची सवय होती. मी बाहेरच्या डिस्कवरून एक फाइल काढून पाहिली. उघडली.

मग मी जुनं मशीन बंद केलं. पंखा सावकाश थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की मिलचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटला.

"मोडलं?" आत्यांनी दचकून विचारलं.

"नाही, आत्या. मीच बंद केलं."

त्या खुर्चीतून उठल्या, मुनीमजींचा हात धरून. चाचांना म्हणाल्या, "खुर्ची वर नका टाकू. कामाला येईल." चाचा म्हणाले, "जी, आई."

परतीच्या गाडीत आत्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. नळदुर्गजवळ त्यांना जाग आली. बाहेर बघत म्हणाल्या, "मला वाटायचं, एकलाच हुता. न्हवता. दोघं हुते जवळ." मी म्हणाले, "हो." मीही पडद्यावरून तिथंच होते, हे मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. त्यांनी ते कसं समजून घेतलं असतं, कुणास ठाऊक.

त्यानंतर बाहेरची कामं मीच करते. काही गिऱ्हाइकं सोडून गेली. एका पतसंस्थेच्या साहेबांना बाईमाणूस एकटी मशीन उचलते ते बरं दिसेना. बरीच राहिली. चाचांनी उमरग्यातली दोन दुकानं मला जोडून दिली. मी सगळ्यांना एकच सांगते, मशीन रडायला लागायची वाट बघू नका. उन्हाळ्याआधी धूळ काढून घ्या, फुगलेल्या बॅटऱ्या बदला, म्हातारं मशीन चालतं आहे तेव्हाच त्याची जागा दुसऱ्याला द्या. ते ऐकतात, मान हलवतात, आणि बहुतेक जण काही करत नाहीत. मी पुढच्या खेपेला परत सांगते. माझा आवाज सपाट असतो म्हणतात. मुलगी म्हणते, आई, तू रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी बोलतेस.

रडू अजून आलेलं नाही. पूर्वी त्याची वाट बघायचे, आता तीही बघत नाही.

मध्ये कळंबकडच्या एका गावात बियाणांच्या दुकानात गेले. तिथला सर्व्हर पोटमाळ्यावर पत्र्याखाली ठेवलेला, उन्हात भट्टी होणारा. तो खाली आणून भिंतीत हवेशीर जागी बसवायचा होता. मालक म्हातारा, कानानं अधू. यांना चांगला ओळखणारा, पण वर्षा-दोन वर्षांत आमचं तिकडं जाणं झालं नव्हतं. मी पायऱ्या चढले तेव्हा माझ्या मागं रस्त्याकडं बघत त्यानं विचारलं, "साहेब न्हाई आले?"

मी म्हणाले, "नाही आले."

"कामात असतील. हंगामाचे दिस हायेत."

मी हो म्हणाले.

दिवसभर काम केलं. निघताना त्यानं ओल्या हरभऱ्याची पेंढी दिली. "हे साहेबाला द्या. लई आवडतो त्यास्नी. आन्‌ पुढच्या खेपेला या म्हणावं, निवांत बसू."

"सांगते," मी म्हणाले, आणि पेंढी घेऊन बाहेर आले. एसटीत ती मांडीवर घेऊन बसले.

घरी येऊन आत्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, पुढच्या खेपेला सांगावं लागेल त्यांना. आत्या हरभरे सोलत होत्या. सोललेले दाणे त्यांनी एका वाटीत गोळा केले, वाटी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "नको सांगू त्याला. एका घरी तरी त्यो अजून हाय, तर असू दे."